युरोपीय एकीकरण आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न : संरक्षण, औद्योगिक स्पर्धाक्षमता व डिजिटल क्षेत्रातील आव्हानांची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपचा इतिहास साधारणपणे एकीकरणाच्या यशाची कथा म्हणून शिकविला जातो. शतकानुशतके परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांनी प्रथम कोळसा व पोलाद, पुढे बाजारपेठ आणि अखेर चलन एकत्र केले, हा त्या कथेचा गाभा होय. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. इ.स. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केल्यानंतर याच एकीकृत युरोपला पुरेसे तोफगोळे वेळेत तयार करता आले नाहीत. त्याच्या कारखान्यांना अमेरिकी कारखान्यांच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट दराने वीज घ्यावी लागत असल्याचे २०२४ च्या एका अधिकृत अहवालाने दाखवून दिले. युरोपातील नागरिकांची, उद्योगांची आणि शासकीय कार्यालयांची माहितीही मोठ्या प्रमाणावर अमेरिकी कंपन्यांच्या संगणकीय यंत्रणांवर साठविली जाते.

संरक्षण, औद्योगिक स्पर्धाक्षमता आणि डिजिटल सार्वभौमत्व या तीन आव्हानांची चर्चा बहुधा स्वतंत्रपणे केली जाते. संरक्षणाचे अभ्यासक नाटोकडे पाहतात, अर्थशास्त्राचे अभ्यासक उत्पादकतेकडे, तर कायद्याचे अभ्यासक माहिती संरक्षणाच्या नियमांकडे. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांचे मूळ १९५४ ते १९५७ या अल्प कालखंडात घेतल्या गेलेल्या निर्णयांत आढळते. त्या काळात पश्चिम युरोपने बाजारपेठ एकत्र करण्याचे ठरविले. मात्र शस्त्रे व मोक्याचे तंत्रज्ञान विकत घेणारी सरकारी थैली प्रत्येक राष्ट्राच्या हाती स्वतंत्र ठेवली. पुढील सात दशकांच्या वाटचालीवर या विभागणीची छाया पडलेली आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) युरोपीय संरक्षण समुदायाच्या अपयशाचे दूरगामी परिणाम तपासणे.
२) संगणक, विमान व दूरसंचार या तीन उद्योगांतील सहकार्याच्या यशापयशाची तुलना करणे.
३) या इतिहासाच्या आधारे वर्तमान धोरणांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून करारांतील तरतुदी, युरोपीय संघाचे अधिकृत अहवाल आणि प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

१. कोळसा, पोलाद आणि अपुरे राहिलेले संरक्षण (१९५०-१९५७) :

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी केलेल्या घोषणेचा हेतू केवळ आर्थिक नव्हता. कोळसा आणि पोलाद हा त्या काळी युद्धसामग्रीचा कच्चा माल होता. त्याचे उत्पादन फ्रान्स व पश्चिम जर्मनीने एका सामाईक अधिसत्तेच्या हाती सोपविले, तर दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याविरुद्ध गुप्तपणे शस्त्रसज्ज होता येणार नाही, असा त्यामागील विचार होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे सहा राष्ट्रांनी या समुदायाचा करार केला आणि जाँ मोने हे उच्चाधिकार मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजेच एकीकरणाच्या आरंभी सुरक्षा आणि उद्योग हे एकाच प्रश्नाचे दोन भाग मानले गेले होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

ही सांगड फार काळ टिकली नाही. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि पश्चिम जर्मनीने सैन्य उभारावे, असा आग्रह अमेरिकेने धरला. पाच वर्षांपूर्वीच जर्मन ताब्यातून सुटलेल्या फ्रान्सला ही कल्पना सहन होणारी नव्हती. त्यावर तोडगा म्हणून फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये संयुक्त युरोपीय सैन्याची योजना मांडली. जर्मन सैनिक असतील. पण स्वतंत्र जर्मन सेना नसेल, असे तिचे स्वरूप होते. २७ मे १९५२ रोजी सहा राष्ट्रांनी युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. सामाईक अंदाजपत्रक व सामाईक शस्त्रखरेदी ही या कराराची वैशिष्ट्ये होती. तो अमलात आला असता, तर युरोपातील शस्त्रउद्योगाला प्रारंभापासूनच एक समान ग्राहक लाभला असता.

तथापि ज्या राष्ट्राने ही योजना मांडली त्याच राष्ट्राने ती बुडविली. पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी कराराला मान्यता दिली होती. फ्रान्समध्ये मात्र परिस्थिती पालटत गेली. मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला, कोरियातील युद्ध थांबले आणि मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथील पराभवाने फ्रेंच राष्ट्राभिमान दुखावला गेला. द गॉलवादी आणि साम्यवादी हे एरवीचे कट्टर विरोधक या एका मुद्द्यावर एकत्र आले. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच राष्ट्रीय सभेने कराराच्या गुणदोषांची सविस्तर चर्चाही न करता, एका कार्यपद्धतीविषयक ठरावाद्वारे तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. मतदानानंतर विरोधकांनी सभागृहात राष्ट्रगीत गायिले. राष्ट्राचे सैन्य राष्ट्राकडेच राहिले, ही त्यांची भावना प्रामाणिक होती. परंतु मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोची सदस्य झाली आणि जर्मन सैन्य अखेर उभे राहिलेच. फरक इतकाच की, ते युरोपीय छत्राऐवजी अमेरिकी नेतृत्वाखालील छत्राखाली उभे राहिले.

या घटनेचा कमी चर्चिला गेलेला परिणाम मार्च १९५७ च्या रोम करारात दिसतो. सामाईक बाजारपेठ निर्माण करणाऱ्या या करारातील कलम २२३ अन्वये शस्त्रे, दारूगोळा व युद्धसाहित्य यांचे उत्पादन आणि व्यापार यांबाबत आपल्या मूलभूत सुरक्षाहितासाठी आवश्यक ते उपाय योजण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना देण्यात आली. आज तीच तरतूद कलम ३४६ या क्रमांकाने अस्तित्वात आहे. मोटारगाडी, लोणी वा कापड यांच्यासाठी सीमा खुल्या झाल्या. रणगाड्यांसाठी मात्र त्या बंद राहिल्या. अपवाद म्हणून लिहिलेले हे कलम व्यवहारात नियम बनले.

२. संगणक उद्योगाचा धडा (१९६४-१९७५) :

‘डिजिटल सार्वभौमत्व’ हा शब्दप्रयोग अलीकडचा असला, तरी त्यामागील चिंता साठ वर्षांची आहे. १९६४ मध्ये फ्रान्समधील ‘बुल’ या अग्रगण्य संगणक कंपनीचा ताबा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने मिळविला. याच दशकात फ्रान्सच्या अणुसंशोधनासाठी हव्या असलेल्या एका शक्तिशाली अमेरिकी संगणकाच्या निर्यातीला अमेरिकी शासनाने परवानगी नाकारली. संगणक हे केवळ कार्यालयीन यंत्र नसून राष्ट्राच्या स्वातंत्र्याचे साधन आहे, याची जाणीव द गॉल यांच्या शासनाला या दोन घटनांनी करून दिली. १९६६ मध्ये ‘प्लाँ काल्क्यूल’ ही राष्ट्रीय संगणक योजना जाहीर झाली व सीआयआय ही कंपनी स्थापन करण्यात आली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाँ-जाक सर्व्हाँ-श्रायबर यांच्या ‘अमेरिकी आव्हान’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथाने हा प्रश्न सामान्य वाचकांपर्यंत नेला.

एकट्या फ्रान्सची बाजारपेठ आयबीएमशी स्पर्धा करण्यास अपुरी आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. म्हणून १९७३ मध्ये फ्रान्सची सीआयआय, जर्मनीची सीमेन्स आणि नेदरलँड्सची फिलिप्स यांनी ‘युनिडेटा’ हा संयुक्त उपक्रम सुरू केला. कागदावर ही योजना निर्दोष होती. परंतु सीआयआयमध्ये भागीदार असलेला फ्रेंच उद्योगसमूह वीज व दूरध्वनी साहित्याच्या व्यवसायात सीमेन्सला प्रतिस्पर्धी मानत होता. १९७४ मध्ये फ्रान्समध्ये सत्तांतर झाले. १९७५ मध्ये नव्या शासनाने सीआयआयचे विलीनीकरण हनीवेल-बुल या अमेरिकी भागीदारी असलेल्या कंपनीशी करण्याचा निर्णय घेतला आणि युनिडेटा संपुष्टात आली. अमेरिकी वर्चस्वापासून मुक्त होण्यासाठी उभारलेली कंपनी शेजारच्या जर्मन कंपनीपेक्षा अमेरिकी भागीदार बरा, या निष्कर्षाप्रत आली.

या अपयशाचे कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नव्हते. प्रत्येक शासन आपापल्या कार्यालयांसाठी आपल्याच देशातील कंपनीचे संगणक घेत होते. ब्रिटनचा कल आयसीएलकडे, जर्मनीचा सीमेन्सकडे, तर फ्रान्सचा सीआयआयकडे होता. तिन्ही कंपन्यांना घरचा ग्राहक होता; परंतु युरोपचा ग्राहक कोणालाच नव्हता. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने ‘एस्प्रि’ हा संयुक्त संशोधन कार्यक्रम हाती घेतला. त्यातून प्रयोगशाळा परस्परांच्या जवळ आल्या; पण खरेदीच्या सवयी बदलल्या नाहीत.

३. एअरबस आणि जीएसएम : यशाची कारणमीमांसा :

याच कालखंडातील दोन उदाहरणे या निराशाजनक चित्राला छेद देतात. मे १९६९ मध्ये फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी ए-३०० या प्रवासी विमानाच्या निर्मितीचा करार केला. ब्रिटिश शासन त्यातून बाहेर पडले, तरी तेथील हॉकर सिडली ही कंपनी पंख बनविण्यासाठी सहभागी राहिली. १९७० मध्ये एअरबस इंडस्ट्रीची स्थापना झाली, पुढील वर्षी स्पेन तीत सामील झाला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये पहिल्या विमानाने उड्डाण केले. पंख ब्रिटनमध्ये, धडाचे भाग जर्मनीत, शेपटीचा भाग स्पेनमध्ये आणि अंतिम जुळणी फ्रान्समधील तुलूझ येथे, अशी कामाची वाटणी निश्चित होती. प्रत्येक देशाला काहीतरी मिळाले आणि प्रत्येकाने काहीतरी सोडलेही. विशेष म्हणजे या विमानाचे इंजिन अमेरिकी रचनेचे होते. सर्व काही स्वतःच बनविण्याचा हट्ट टाळून विमान वेळेत व विकण्यायोग्य बनविण्याला प्राधान्य देण्यात आले. सुरुवातीची वर्षे कठीण गेली. त्या काळात ए-३०० विकत घेणाऱ्या मोजक्या ग्राहकांमध्ये भारताच्या इंडियन एअरलाइन्सचा समावेश होता. १९७६ मध्ये ही विमाने तिच्या ताफ्यात आली. २०१९ पासून वार्षिक विमान-पुरवठ्यात एअरबसने बोइंगला मागे टाकले आहे. हे यश मिळण्यास अर्धशतक लागले, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

भ्रमणध्वनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्कँडिनेव्हिया, ब्रिटन, जर्मनी व फ्रान्स येथे परस्परांशी न जुळणाऱ्या यंत्रणा विकसित होत होत्या. सीमा ओलांडली की दूरध्वनी निरुपयोगी ठरे. १९८२ मध्ये युरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने समान प्रणालीसाठी एक गट नेमला. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील १५ दूरसंचार संस्थांनी एका सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या करून समान प्रणालीची सेवा १९९१ पर्यंत सुरू करण्याची हमी दिली. या हमीमुळे यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्यांना ग्राहक निश्चित झाला. जुलै १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएमवरील पहिला दूरध्वनी झाला. नोकिया व एरिक्सन या कंपन्या जागतिक झाल्या आणि १९९५ मध्ये भारतात भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली तीही याच प्रणालीवर.

एअरबस ही ब्रुसेल्समधील युरोपीय आयोगाची निर्मिती नव्हती आणि जीएसएमची सुरुवातही आयोगाने केली नव्हती. म्हणजेच यशाचे रहस्य केवळ सामाईक संस्थेच्या अस्तित्वात नाही. सहभागी देशांनी आधीच मान्य केलेली कामाची वाटणी, खरेदीची खात्री आणि आपल्या देशातील एखादी कंपनी मागे पडली तरी ते सोसण्याची तयारी, या तीन अटी जेथे पूर्ण झाल्या तेथे सहकार्य फळाला आले. युनिडेटामध्ये यांपैकी एकही अट पूर्ण झालेली नव्हती.

४. कायद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा :

नव्वदच्या दशकानंतर तंत्रज्ञानाचे केंद्र यंत्राकडून सॉफ्टवेअरकडे व माहितीसाठ्याकडे सरकले. जागतिक संगणकीय जाळ्याची, अर्थात ‘वर्ल्ड वाइड वेब’ची, कल्पना १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत जन्मली आणि १९९३ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली करण्यात आली. तिच्यावर उभे राहिलेले प्रचंड उद्योग मात्र प्रामुख्याने अमेरिकेत वाढले. २०१४ मध्ये नोकियाचा भ्रमणध्वनी संच व्यवसायही मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन झाला. विविध भाषा, भिन्न कायदे आणि विभागलेली भांडवल बाजारपेठ यांमुळे युरोपातील नवोद्योगांना मोठे होण्यासाठी देशाबाहेर जावे लागे.

उद्योगाच्या आघाडीवर मागे पडलेल्या युरोपने कायद्याच्या आघाडीवर पुढाकार घेतला. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या व्यापक पाळतीचा तपशील उघड केला. ऑस्ट्रियातील मॅक्स श्रेम्स यांच्या तक्रारीवरून युरोपीय न्यायालयाने अमेरिकेकडे माहिती पाठविण्याची व्यवस्था २०१५ मध्ये आणि तिच्या जागी आलेली दुसरी व्यवस्था २०२० मध्ये रद्द ठरविली. २५ मे २०१८ पासून माहिती संरक्षणाचा सर्वसाधारण नियम लागू झाला. त्यानंतर डिजिटल बाजारपेठ, डिजिटल सेवा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयीचे कायदे आले. या कायद्यांचा प्रभाव युरोपबाहेरही पडला, हे नाकारता येत नाही.

परंतु पंचाला खेळाचे नियम ठरविता येतात. सामना जिंकता येत नाही. २०१८ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील माहिती, ती परदेशात साठविलेली असली तरी, तेथील तपास यंत्रणांच्या वैध आदेशानुसार द्यावी लागते. माहितीचे केंद्र फ्रँकफर्टमध्ये असले, तरी कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत असल्यास सार्वभौमत्वाचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ न्यायालयात पोहोचतो. चिपनिर्मितीतही असाच विरोधाभास आढळतो. अत्याधुनिक चिपनिर्मितीसाठी अपरिहार्य असलेली अतितीव्र अतिनील (ईयूव्ही) किरणांवर आधारित यंत्रे जगात केवळ नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी बनविते. असे असूनही, २०२३ मध्ये लागू झालेल्या युरोपीय चिप कायद्याने २०३० पर्यंत जागतिक उत्पादनातील २० टक्के वाटा मिळविण्याचे जे उद्दिष्ट ठेवले, ते साध्य होण्याची शक्यता फार कमी असल्याचे युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०२५ मध्ये नमूद केले. आयोगाच्याच अंदाजानुसार हा वाटा ११.७ टक्क्यांपर्यंत पोहोचेल.

५. युक्रेन युद्ध आणि जुन्या प्रश्नाचे पुनरागमन :

२४ फेब्रुवारी २०२२ नंतर संरक्षणाचा प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आला. जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी जाहीर केला. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे आश्वासन दिले. ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यांपैकी साधारण निम्मेच देता आले. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात या दुर्बलतेचे स्वरूप स्पष्ट होते. सदस्य राष्ट्रांनी युक्रेनला १५५ मिलिमीटरच्या तोफांचे दहा निरनिराळे प्रकार पुरविले होते. अमेरिका एकाच प्रकारचा मुख्य रणगाडा वापरते, तर युरोपात असे १२ प्रकार आहेत. जून २०२२ ते जून २०२३ या काळातील संरक्षण खरेदीचा ७८ टक्के खर्च युरोपीय संघाबाहेरील पुरवठादारांकडे गेला, असेही हा अहवाल सांगतो. अन्य काही गणनांनुसार हे प्रमाण कमी भरते; तरीही खरेदी विखुरलेली आहे, याविषयी दुमत नाही. कलम २२३ मध्ये दिलेल्या मुभेचा हा संचित परिणाम होय.

उद्योगाच्या बाबतीत याच अहवालाने दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोंची अतिरिक्त गुंतवणूक आवश्यक असल्याचे म्हटले आहे. स्वस्त रशियन वायूवर आधारलेले जर्मन उद्योगाचे गणित २०२२ मध्ये कोलमडले. त्यापूर्वीच्या वर्षी युरोपीय संघाच्या वायू आयातीत रशियाचा वाटा सुमारे ४५ टक्के होता. येथेही पुरवठ्याचे करार राष्ट्रनिहाय केले गेले. त्यांचा धोका मात्र सर्वांना सोसावा लागला.

मे २०२५ मध्ये सदस्य राष्ट्रांनी संयुक्त संरक्षण खरेदीसाठी १५० अब्ज युरोंपर्यंतच्या कर्जाची योजना मंजूर केली. १९५४ मध्ये नाकारलेली कल्पना अंशतः आणि कर्जाच्या रूपाने परत आली, असे म्हणता येईल.

६. एका आक्षेपाचा विचार :

संयुक्त खरेदी इतकी लाभदायक असेल, तर राष्ट्रे ती का टाळतात? केवळ संकुचित राष्ट्रवाद हे याचे उत्तर नव्हे. रशियाच्या सीमेलगत असलेल्या पोलंडने २०२२ मध्ये दक्षिण कोरियाकडून रणगाडे घेतले, कारण ते लवकर मिळणार होते. संकट दाराशी उभे असताना भावी युरोपीय रणगाड्याची वाट पाहा, असे त्या देशाला सांगणे अवघड आहे. ऑस्ट्रिया व आयर्लंड यांची तटस्थतेची परंपरा आहे. शिवाय एखादा शस्त्रकारखाना बंद झाला, तर तेथील कामगार आपल्या राष्ट्रीय शासनालाच जाब विचारतात, ब्रुसेल्सला नव्हे. सैनिकाला युद्धावर पाठविण्याचा आणि कर लावण्याचा अधिकार लोकनियुक्त संसदेकडेच असावा, ही १९५४ मधील फ्रेंच सदस्यांची भूमिका लोकशाहीच्या दृष्टीने पोकळ नव्हती. म्हणूनच सार्वभौमत्वाचे सामाईकीकरण हा प्रशासकीय सोयीचा नव्हे, तर लोकसंमतीचा प्रश्न ठरतो. परंतु नावापुरते अबाधित राहिलेले सार्वभौमत्व प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी परकीय पुरवठादाराच्या परवानगीवर अवलंबून असेल, तर संसदेकडे उरलेला तो अधिकार कितपत खरा, हा प्रतिप्रश्नही टाळता येत नाही.

निष्कर्ष :

१) संरक्षण, उद्योग आणि डिजिटल क्षेत्र यांतील युरोपची आव्हाने स्वतंत्र नसून १९५४ ते १९५७ या काळातील अपुऱ्या एकीकरणातून ती उद्भवली आहेत. बाजारपेठ सामाईक झाली. मोक्याची सरकारी खरेदी राष्ट्रीयच राहिली.

२) युनिडेटाचे अपयश आणि एअरबस व जीएसएमचे यश यांतील फरक संशोधनाच्या दर्जाचा नसून कामाची वाटणी, खरेदीची हमी आणि त्यागाची तयारी यांचा आहे.

३) कायदेनिर्मितीने युरोपला जागतिक प्रतिष्ठा मिळवून दिली, तथापि नियमन हे उत्पादनक्षमतेला पर्याय ठरू शकत नाही.

४) सार्वभौमत्व म्हणजे संपूर्ण स्वयंपूर्णता नव्हे. अमेरिकी इंजिन स्वीकारूनही एअरबस युरोपीय राहिली. परावलंबन किती आहे यापेक्षा ते परस्परांचे आहे की एकतर्फी, हा निकष अधिक महत्त्वाचा आहे.

५) सामाईक खरेदीला लोकशाही संमतीचे अधिष्ठान लाभले नाही, तर ३० ऑगस्ट १९५४ ची पुनरावृत्ती संभवते. त्या दिवशी पॅरिसमधील सभागृहात निर्णय झाला. त्याची किंमत काय, हे कळण्यास मात्र अडुसष्ट वर्षे लागली. आजच्या धोरणकर्त्यांना तेवढा अवधी मिळण्याची शक्यता दिसत नाही.